कॅमेऱ्याच्या फ्रेमवर मधेच जुने तुकडे आणि चिरा दिसतात? डीएमए-बफ शेअरिंगचा तोच तो लोचा कसा शोधायचा

आधी लक्षण सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे की दुसरा ते लगेच कळेल. कॅमेऱ्यातून फ्रेम घेताय, सीपीयूनं तिच्यावर थोडंसं काहीतरी काढताय, तारीख-वेळ म्हणा, चेहऱ्याभोवती चौकोन म्हणा, आणि तोच बफर कुठेही कॉपी न करता डिस्प्लेला देताय. लॅपटॉपवर सगळं झकास. मग तोच कोड आर्म बोर्डवर टाकला की अक्षरांत बारीक आडव्या चिरा, कुठे मागच्या फ्रेमचे तुकडे, दहा वेळा चालवलं तर सात वेळा ठीक आणि तीन वेळा नाही. प्रिंट टाकलं की प्रॉब्लेम गायब. यूस्लीप टाकलं की बराच कमी. मग कोणीतरी म्हणतं मेमकॉपी करून टाक ना, आणि विषय तिथेच मिटतो, कारण मेमकॉपी केल्यावर खरंच काही दिसत नाही, फक्त ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता तेच हातातून गेलेलं असतं.

मी हे तीन प्रोजेक्टमधे भोगलंय. तिन्ही वेळा तक्रार एकच, "स्क्रीनवर कचरा येतोय", आणि तिन्ही वेळा कारण वेगळं. म्हणून आता कोड उघडायच्या आधी मी कचऱ्याकडेच नीट बघतो. फोननं स्क्रीनचा व्हिडिओ काढा, झूम करा, पिक्सेल मोजा. खरंच मोजा, निम्मं निदान तिथेच होतं.

ज्यांना डीएमए-बफ नवीन आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. डीएमए-बफ म्हणजे कॅमेरा, जीपीयू, डिस्प्ले अशा वेगवेगळ्या ड्रायव्हरांनी एकच मेमरी कॉपी न करता वाटून घ्यायची सोय, लिनक्समधे ती ३.३ पासून, म्हणजे २०१२ पासून आहे. एक ड्रायव्हर बफर देतो तो एक्स्पोर्टर, बाकीचे घेतात ते इम्पोर्टर, आणि मधे युजरस्पेसच्या हातात फक्त एक फाइल डिस्क्रिप्टर (एफडी), म्हणजे बफरकडे नेणारा नंबर, असतो, जो तुम्ही युनिक्स सॉकेटवरून दुसऱ्या प्रोसेसलाही पाठवू शकता. गोंधळ कुठे होतो तर लोकांना वाटतं की एफडी दिला म्हणजे काम झालं. एफडीनं फक्त मेमरी कुठली ते कळतं. आत्ता ती मेमरी वापरायची पाळी कोणाची, आधीच्याचं काम संपलंय का, त्यानं लिहिलेलं खरंच रॅमपर्यंत पोचलंय का, हे एफडी सांगत नाही, ते वेगळं सांगावं लागतं, आणि खालचे बहुतेक घोळ ते न सांगितल्यामुळेच झालेले आहेत.

चिरा १६ पिक्सेल रुंद असतील तर

तर हे कॅशचं, म्हणजे प्रोसेसरजवळच्या छोट्या फास्ट मेमरीचं, काम आहे, जवळजवळ डोळे मिटून सांगता येतं. बहुतेक आर्म प्रोसेसरांवर कॅश लाइन, म्हणजे कॅश एका वेळी हलवते तो तुकडा, ६४ बाइटची असते, आणि ३२ बिटच्या फॉरमॅटमधे एक पिक्सेल ४ बाइट, म्हणजे एक लाइन बरोबर १६ पिक्सेल. एनव्ही१२ (ब्राइटनेस आणि रंग वेगळ्या प्लेनमधे ठेवणारा फॉरमॅट, ब्राइटनेसचा पिक्सेल १ बाइट) असेल तर ब्राइटनेसच्या प्लेनमधे हीच चीर ६४ पिक्सेल रुंद दिसेल. तुम्ही अक्षरं काढलीत, काही लाइन कॅशमधून आपोआप बाहेर पडून रॅममधे गेल्या, काही अजून कॅशमधेच बसल्यात, आणि डिस्प्ले कॅशला विचारत नाही, तो सरळ रॅममधून वाचतो. ज्या लाइन पोचल्या नाहीत तिथे जुनं चित्र. प्रिंट टाकल्यावर प्रॉब्लेम जातो तो यामुळेच, प्रिंटच्या कामानं कॅशमधे दुसरा डेटा येतो आणि तुमच्या लाइन बाहेर ढकलल्या जातात. एक्स८६ लॅपटॉपवर सहसा हार्डवेअरच कॅश आणि डीएमएचा (डिव्हाइसनं सरळ मेमरी वाचण्या-लिहिण्याचा) मेळ ठेवतं, त्यामुळे तिथे चूक असूनही दिसत नाही. "माझ्या मशिनवर चालतंय" याला इथे शून्य किंमत.

आमच्याकडे हे कसं सुरू झालं ते सांगतो, कारण बहुतेक लोक याच वाटेनं येतात असं मला वाटतं. सुरुवातीला आम्ही कॅमेरा ड्रायव्हरचेच बफर एममॅप करून, म्हणजे आपल्या प्रोग्रामच्या पत्त्यांत आणून, वापरत होतो. ते त्या बोर्डवर अनकॅश्ड होते, म्हणजे कचरा वगैरे काही नाही पण सीपीयूनं वाचायला इतके स्लो की एक फ्रेम चाळायलाच जीव जायचा. मग कोणीतरी शोध लावला की डीएमए-हीपमधून (कर्नलकडून असे बफर मागायची जागा) बफर घेतले तर वाचन एकदम फास्ट होतं. हीप कर्नलमधे ५.६ पासून, २०२० पासून आहेत, आधी अँड्रॉइडवाले आयॉन वापरायचे ते याच कामाला. सिस्टम हीपचे बफर कॅश्ड असतात म्हणून फास्ट. सगळे खूष. आणि दोन दिवसांनी चिरा! स्पीड कॅशमुळे मिळाला तर कॅश सांभाळायची जबाबदारीही आपल्यावर आली, हे कोणाच्याच लक्षात नाही आलं, माझ्याही नाही, मी दोन आठवडे डिस्प्ले ड्रायव्हरला शिव्या घालत होतो.

उपाय म्हणजे डीएमए_बफ_आयओसीटीएल_सिंक, कॅश आणि रॅमचा मेळ घालायला सांगणारा आयओसीटीएल (कर्नलला दिलेली थेट आज्ञा), कर्नल ४.६ पासून आहे. सीपीयूनं बफरला हात लावायच्या आधी स्टार्ट, हात काढल्यावर एंड, आणि हे दर फ्रेमला. हे बऱ्याच जणांनी केलेलं असतं तरी चिरा जात नाहीत, तेव्हा पुढचं बघा.

पहिलं म्हणजे फ्लॅग. स्टार्ट करताना फक्त रीड दिलंत आणि मग अक्षरं ब्लेंड केलीत, म्हणजे वाचलंतही आणि लिहिलंतही, तर एंडच्या वेळी कर्नलला वाटतं यानं काही लिहिलेलं नाही, मग रॅममधे ढकलायचं कशाला. रीड आणि राइट दोन्ही द्या, आणि स्टार्टला जे दिलं तेच एंडला द्या.

दुसरं, रिटर्न व्हॅल्यू. हा आयओसीटीएल सिग्नल आला तर ईआयएनटीआर किंवा ईअगेन असा एरर देऊन परत येऊ शकतो, आणि तेव्हा सिंक झालेलं नसतं. लूपमधे परत मारायचा. आमच्या कोडमधे टायमर सिग्नल होता आणि रिटर्न व्हॅल्यू कोणी बघत नव्हतं, त्यामुळे तासाभरात एखादीच फ्रेम खराब व्हायची, असला बग शोधणं म्हणजे डोक्याला ताप.

तिसरं, क्रम. कॅमेऱ्याचं डीक्यूबफ (भरलेला बफर त्याच्याकडून घेणं) झाल्यावरच स्टार्ट. आधी केलंत तर कॅमेरा अजून लिहितोय तेवढ्यात प्रोसेसर अंदाजानं पुढच्या लाइन कॅशमधे ओढून ठेवतो, आणि मग तुम्ही वाचता ते जुनंच. आणि एंड डिस्प्लेला देण्याच्या आधी, नंतर नाही. हे वाचून हसू येईल पण मी रिव्ह्यूमधे "एंड शेवटी क्लीनअपमधे टाकलाय" असं दोनदा बघितलंय.

अजून एक मजेशीर लक्षण आहे, पहिली फ्रेम एकदम स्वच्छ आणि दुसरीपासून कचरा. डीआरएमच्या (लिनक्सच्या डिस्प्ले-जीपीयू भागाच्या) नेहमीच्या हेल्पर फंक्शननं बफर इम्पोर्ट होतो तेव्हा एकदाच मॅप होतो आणि त्या मॅपिंगच्या वेळी कॅशची साफसफाई फुकटात होऊन जाते. मग तो मॅप तसाच राहतो. म्हणजे पहिल्या फ्रेमला तुमची चूक कर्नलनं झाकली, दुसरीपासून नाही. ज्यांचा टेस्ट एकच फ्रेम दाखवून "पास" म्हणतो त्यांनी टेस्ट बदला.

स्पीडची काळजी असेल तर, सिंक पूर्ण बफरचं होतं, तुम्ही कोपऱ्यात चार अक्षरं लिहिली तरी. त्यामुळे दर चौकोनाला स्टार्ट-एंड करत बसू नका, फ्रेममधलं सगळं लिखाण एका जोडीत उरका. छोटं ओव्हरले असेल तर ते वेगळ्या बफरमधे काढून डिस्प्लेच्या दुसऱ्या प्लेनवर (हार्डवेअरच्या वेगळ्या थरावर) लावा, कॅमेऱ्याच्या बफरला सीपीयूनं हातच लावायला नको. मला विचाराल तर हाच खरा उपाय, पण प्लेन शिल्लक हवं.

वरचं अर्धं नवीन, खालचं अर्धं जुनं

हे कॅशचं नाही. एक आडवी रेघ, वर एक फ्रेम, खाली दुसरी, आणि रेघ वर-खाली सरकतेय, तर दोघं एकाच वेळी बफरमधे आहेत. कॅमेरा लिहितोय आणि डिस्प्ले वाचतोय. सिंक आयओसीटीएल कितीही मारा, फरक पडणार नाही.

इथे लोकांचा एक गैरसमज असतो. डीएमए-बफच्या आत फेन्स, म्हणजे काम संपल्याची खूण, ठेवायची जागा असते, त्यामुळे "कर्नल आपोआप थांबवेल" असं वाटतं. जीपीयू आणि डिस्प्ले ड्रायव्हर बऱ्याच ठिकाणी ते पाळतात. व्ही४एल२, म्हणजे लिनक्सचा कॅमेऱ्याचा भाग, पाळत नाही. कॅमेरा ड्रायव्हर ना स्वतःचा फेन्स लावतो, ना दुसऱ्याच्या फेन्ससाठी थांबतो. तिथे पाळी सांगायची पद्धत एकच, डीक्यूबफ म्हणजे माझं झालं, क्यूबफ म्हणजे आता परत तुझा. तुम्ही फ्रेम डिस्प्लेला देऊन लगेच क्यूबफ केलंत की कॅमेरा त्यात लिहायला मोकळा, डिस्प्ले वाचत असो नसो.

डिस्प्लेच्या बाबतीत, फ्लिप (नवा बफर स्क्रीनवर लावणं) मागितला म्हणजे फ्लिप झाला असं नसतं. फ्रेम क्रमांक ५ चा पेज-फ्लिप इव्हेंट येईल तेव्हा फ्रेम ४ मोकळी झाली, तेव्हा ४ कॅमेऱ्याला परत करायची. एक पाऊल मागे. यासाठी किमान एक बफर स्क्रीनवर, एक रांगेत, आणि कॅमेऱ्याकडे एक-दोन, म्हणजे चार तरी घ्या. दोन बफरवर हे चालवायचा प्रयत्न करून झालाय, नका करू.

मधे जीपीयू असेल तर अजून एक युक्ती आहे जी मला फार उशिरा कळली. डीएमए-बफच्या एफडीवर सरळ पोल करता येतं. पोलइन मागितलं तर आधी लिहिणाऱ्यांचं काम संपेपर्यंत थांबतो, पोलआउट मागितलं तर वाचणारे-लिहिणारे सगळ्यांचं संपेपर्यंत. म्हणजे क्यूबफच्या आधी पोलआउट, आणि जीएलफिनिश (जीपीयूचं सगळं काम संपेपर्यंत थांबणं) काढून टाका. ओपनजीएलच्या बऱ्याच ड्रायव्हरांत हे चालतं कारण ते फेन्स बफरमधे ठेवतात. व्हल्कनमधे असं गृहीत धरू नका, तिथे फेन्स स्वतः सिंक-फाइल (फेन्सचा एफडी) म्हणून काढून बफरला लावायचा, आणि त्यासाठीचे एक्स्पोर्ट-इम्पोर्टचे आयओसीटीएल कर्नल ६.० मधे आलेत.

चित्र तिरकं, किंवा रंग सरकलेले

हे सोपं आहे, पटकन उरकतो. चित्र तिरकं पसरलंय तर स्ट्राइड (एका ओळीचे बाइट) चुकलाय, रुंदी गुणिले पिक्सेल बाइट असा हिशोब स्वतः करू नका, ड्रायव्हरनं बाइट्सपरलाइनमधे जे दिलंय तेच पुढे द्या. चित्र चौकोन चौकोन विस्कटलंय, जणू फरश्या उलटसुलट बसवल्यात, तर बफर टाइल्ड आहे (पिक्सेल छोट्या चौकोनांत मांडलेत) आणि तुम्ही मॉडिफायर, म्हणजे ती मांडणी सांगणारा नंबर, पुढे पाठवलेला नाही.

रंग खाली सरकलेत आणि वर हिरवा पट्टा, हे जरा बघण्यासारखं आहे. १९२० बाय १०८० ची एनव्ही१२ फ्रेम, हार्डवेअरला उंची १६ च्या पटीत लागते म्हणून तो १०८८ ओळी धरतो. म्हणजे रंगाचं प्लेन २०,८८,९६० बाइटवर सुरू होतं, आणि तुम्ही १९२० गुणिले १०८० करून २०,७३,६०० वरून वाचताय. मधल्या १५,३६० बाइटमधे पॅडिंग, म्हणजे रंगाच्या ८ ओळी, म्हणजे स्क्रीनवर १६ ओळींचा फरक, आणि शून्य भरलेलं पॅडिंग वायूव्हीमधे (ब्राइटनेस-रंग वेगळे असलेल्या फॉरमॅटमधे) हिरवं दिसतं. वरचा हिरवा पट्टा १६ ओळींचा भरला तर दुसरीकडे शोधायची गरज नाही.

बफर घ्यायलाच तयार नाही

क्यूबफवर ईफॉल्ट (चुकीचा पत्ता) एरर येतो, लोक पॉइंटर तपासत बसतात. पॉइंटरचा काही संबंध नाही. डीमेसेजमधे (कर्नलच्या लॉगमधे) "काँटिग्युअस चंक इज टू स्मॉल" अशी ओळ आणि पुढे दोन आकडे दिसले का ते बघा. कॅमेऱ्याला एकसलग मेमरी हवी आणि तुम्ही सिस्टम हीपमधून विखुरलेली पानं दिलीत. हाच प्रकार डिस्प्लेच्या साध्या ड्रायव्हरांत ईइनव्हॅल म्हणून येतो, तिथे तर ओळही छापली जात नाही. सीएमए हीप (एकसलग मेमरीचा राखीव साठा) वापरा, आणि तिथे जागा पुरत नसेल तर मेमइन्फोमधे सीएमएफ्री किती ते बघून बूट पॅरामीटरमधे सीएमए वाढवा.

पण मधे आयओएमएमयू (विखुरलेली पानं डिव्हाइसला सलग दाखवणारं हार्डवेअर) आहे, तरीही हीच ओळ येतेय? मग ड्रायव्हरनं सेगमेंटची कमाल साइज सांगितलेली नसणार. न सांगितल्यास ती ६४ केबी धरली जाते, आणि आयओएमएमयू जोडून देऊ शकत असूनही तुकडे ६४ केबीचे पडतात. ड्रायव्हरच्या प्रोबमधे डीएमए_सेट_मॅक्स_सेग_साइज ची एक ओळ, झालं.

आणि २ जीबीच्या बोर्डवर चालतं, ८ जीबीच्या बोर्डवर नाही, असं असेल तर डिव्हाइसला ३२ बिटचाच पत्ता समजतो आणि पानं ४ जीबीच्या वर गेलीत. तेव्हा कर्नल स्विओटीएलबी नावाच्या मधल्या बफरमधून कॉपी करायला बघतो, जो आधीच छोटा असतो, आणि "स्विओटीएलबी बफर इज फुल" म्हणून ओरडतो. ओरडला तर बरं, कधी कधी गुपचूप कॉपी करत राहतो आणि तुम्ही झिरो-कॉपी म्हणून मिरवत असता.

अर्ध्या मिनिटानं मरतं, किंवा दुसऱ्याचंच चित्र दिसतं

दर वेळी साधारण ३४ सेकंदांनी ईएमफाइल, म्हणजे फार फाइल उघड्या असल्याचा एरर. दर फ्रेमला एक्स्पबफ (कॅमेऱ्याच्या बफरचा एफडी मागणं) करताय, ३० एफपीएस, आणि प्रोसेसला एफडीची मर्यादा १०२४. भागाकार करा. एक्स्पोर्ट सुरुवातीला बफरमागे एकदाच करायचा. इम्पोर्ट झाल्यावर एफडी बंद केला तर बफर जाईल अशी भीती लोकांना असते, जात नाही, इम्पोर्ट करणाऱ्याकडे स्वतःचा रेफरन्स असतो.

दुसरं प्रकरण माझ्या लाडक्या बगांपैकी आहे. एकच डीएमए-बफ एकाच डीआरएम एफडीवर दोनदा इम्पोर्ट केलात तर दोन्ही वेळी एकच जेम हँडल (डीआरएमनं बफरला दिलेला नंबर) मिळतं, आणि त्याची मोजणी कर्नल ठेवत नाही. तुमच्या कोडनं एक घेतलं, लायब्ररीनं एक घेतलं, लायब्ररीनं काम झाल्यावर बंद केलं, तुमचंही मेलं. पुढे ईनोएन्ट (असं काही नाहीच) एरर आला तर नशीब समजा, कारण हँडलचे नंबर परत वापरले जातात, तेवढ्यात नवीन बफर आला तर त्याला तोच नंबर मिळतो आणि तुम्ही शांतपणे भलताच बफर स्क्रीनवर लावता. आम्हाला यात एका विंडोत दुसऱ्या विंडोचं चित्र दिसायचं आणि सगळ्यांनी फेन्सवर संशय घेऊन आठवडा घालवला.

उपाय म्हणजे हँडलची मोजणी आपण ठेवायची, एकच टेबल, सगळ्यांनी त्यातूनच घ्यायचं. टेबलची की म्हणून एफडी नंबर नको, तोच बफर वेगळ्या एफडीनं येऊ शकतो. एफस्टॅट करून आयनोड नंबर (कर्नलनं दिलेला ओळख क्रमांक) घ्या, कर्नल ५.३ पासून प्रत्येक डीएमए-बफला स्वतःचा आयनोड नंबर असतो, दोन एफडी एकाच बफरचे आहेत का ते त्यावरून पक्कं कळतं.

कोणाला विचारायच्या आधी

डीबगएफएस (कर्नलची आतली माहिती दाखवणारी फाइलसिस्टम) माउंट करून डीएमए_बफ फोल्डरमधली बफइन्फो फाइल कॅट करा. प्रत्येक बफरची साइज, कोणी एक्स्पोर्ट केला, रेफरन्स किती, आयनोड, आणि कोणते डिव्हाइस जोडलेत ते सगळं तिथे आहे. बफरना नाव देता येतं त्यासाठी छोटा आयओसीटीएल आहे, द्या, "कॅम-०", "कॅम-१" असं काहीही, ४० बिननावी ओळींत शोधण्यापेक्षा बरं. डीबगएफएस नसेल तर प्रोसेसच्या एफडीइन्फोमधेही निम्मी माहिती मिळते. लीक असेल तर पाच मिनिटांच्या अंतरानं दोनदा काढा आणि डिफ घ्या. फेन्सचा संशय असेल तर डीएमए_फेन्सचे ट्रेस इव्हेंट चालू करा, कोण कधी थांबला आणि कोणी कधी सिग्नल केला ते वेळेसकट दिसतं.

ड्रायव्हर स्वतः लिहित असाल तर दोनच गोष्टी. इम्पोर्ट केलेल्या एसजी टेबलमधून (मेमरीच्या तुकड्यांच्या यादीतून) पेज स्ट्रक्चरला हात लावू नका, त्यामागे पेज असेलच असं नाही, कर्नलमधे डीएमएबफ_डीबग हा पर्याय चालू केला की ते पॉइंटर मुद्दाम बिघडवले जातात आणि तुमची चोरी तिथल्या तिथे पकडली जाते. आणि ६.२ पासून लॉकचे नियम पक्के झालेत, लॉक हातात नसेल तर मॅप-अटॅचमेंटचं अनलॉक्ड नावाचं रूप वापरायचं, जुना ड्रायव्हर नव्या कर्नलवर आणल्यावर लॉकडेपनं (कर्नलच्या लॉक तपासनिसानं) पानभर लाल ओळी टाकल्या तर आधी हेच बघा.

विचारताना कर्नल व्हर्जन, बफइन्फो, डीमेसेज, आणि कचऱ्याचा झूम केलेला फोटो टाका. "चित्र खराब येतंय" एवढंच लिहिलंत तर मी परत पिक्सेलच मोजायला सांगणार आहे.